घरी आणि अंगणात पाहुणे बोलावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाहुणे येणार म्हटलं की प्रश्न ठरलेले असतात, आणि ते येतातही ठरलेल्या क्रमाने: आधी माणसं किती, मग खायला काय, आणि अगदी शेवटी, ऐन संध्याकाळी, डासांचं काय. खालची उत्तरं वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवेल. माझा सगळा खटाटोप यजमानाला ओट्यापाशी अडकू न देण्यासाठी आहे. पाहुणे बाहेर हसताहेत आणि घरचा माणूस आत घाम पुसतोय, असं झालं की जेवण कितीही चांगलं असो, संध्याकाळ फसते.

किती माणसं बोलवावीत?

खुर्च्या मोजण्याआधी स्वतःला मोजा. कुणाच्याही मदतीशिवाय किती जणांकडे तुमचं लक्ष राहतं? बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा 8 च्या आसपास असतो. त्याच्या पुढे गेलात की टेबलावरच्या एका गप्पेच्या दोन-तीन गप्पा होतात. त्यात वाईट काही नाही, फक्त तुम्ही एका वेळी एकाच गप्पेत असता.

बसून जेवायचं असेल तर टेबलाच्या कडेला माणशी 60 सेंटीमीटर लागतात. त्याहून कमी जागेत कोपराला कोपर लागतं. खुर्चीच्या मागे 90 सेंटीमीटर मोकळे असतील तर वाढणारा माणूस कुणाला न उठवता जाऊ शकतो. उभ्याने खायचा बेत असेल तर सगळ्यांपुरत्या खुर्च्या मांडू नका. सगळ्यांना खुर्ची मिळाली की जो तो बसतो तो उठतच नाही, आणि शेवटपर्यंत शेजारच्याशीच बोलत राहतो. वयस्कर मंडळी, गरोदर बाई, पाय दुखणारा कुणी, यांच्यासाठी मात्र पाठ असलेल्या खुर्च्या राखून ठेवा आणि त्या कुणाच्या आहेत ते घरातल्या एकाला सांगून ठेवा.

तयारी कधी सुरू करायची?

यादी उलटी लिहा. पाहुणे 7 ला येणार असतील तर कागदावर सगळ्यात वर 7 लिहा आणि तिथून मागे या. साडेसहा ते सात या रकान्यात काहीही लिहायचं नाही, तो अर्धा तास मुद्दाम कोरा ठेवायचा. काही ना काही राहिलेलं असतंच, ते त्या अर्ध्या तासात होतं. काहीच राहिलं नसेल तर पाय वर करून बसा. दार उघडताना तुमचा चेहरा कसा आहे, हे पाहुण्यांना पहिल्या दोन सेकंदांत कळतं.

दुसरी सवय आदल्या रात्रीची. वाढायची सगळी भांडी, ताटल्या, डाव, चिमटे रिकामेच टेबलावर मांडून बघा आणि प्रत्येक भांड्यात त्यात काय येणार याची चिठ्ठी टाका. हे वेडेपणाचं वाटतं, पण दोन गोष्टी लगेच लक्षात येतात: भांडी पाच आणि डाव तीनच, किंवा सगळं मांडल्यावर टेबलावर पाण्याला जागाच नाही. रात्री 10 वाजता हे कळलं तर हसू येतं. दुसऱ्या दिवशी गरम पातेलं हातात असताना कळलं तर येत नाही.

साफसफाईच्या बाबतीत मी आळशी आहे आणि तसंच राहणार आहे. पाहुणे वापरतील ती बाथरूम, येण्याची वाट आणि बसायची जागा, एवढं घासूनपुसून घ्या. बाकीच्या खोल्यांची दारं लावून घ्या.

मेनू ठरवताना सगळ्यात मोठी चूक कोणती?

सगळेच पदार्थ ऐनवेळी गरम करायला लागणारे निवडणं. शेगडीला बर्नर मोजकेच असतात आणि तुम्हाला हात दोनच. माझा हिशोब असा: एक पदार्थ गरमागरम, बाकीचे गार किंवा कोमट चालणारे, आणि निदान एक असा की आदल्या दिवशी केला तर जास्त मुरतो. नवीन पदार्थाचा पहिला प्रयोग पाहुण्यांवर करू नका. घरच्यांवर करा, त्यांना पर्याय नसतो.

बाहेर, विशेषतः उभ्याने, खाताना एका हातात पेला असतो. सुरीने कापावं लागणारं, ओघळणारं, चिकट असं काही अशा वेळी ठेवू नका.

कुणाला काय चालत नाही हे विचारणं बरं दिसतं का?

दिसतं. बोलावतानाच विचारा, आणि 'काही पथ्य आहे का?' असं मोघम न विचारता 'कशाची अॅलर्जी आहे का, काही खात नाही का?' असं विचारा. शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, गहू, सोया आणि तीळ यांच्या अॅलर्जी जास्त आढळतात. यातल्या काहींमध्ये किंचित अंशही जिवावर बेतू शकतो.

म्हणून पदार्थ वेगळा केला की काम संपलं असं समजू नका. त्याचा डाव वेगळा हवा आणि तो त्याच भांड्यात राहायला हवा. घोटाळा होतो तो इथेच: कुणीतरी शेंगदाण्याच्या कुटाचा चमचा सहज शेजारच्या वाडग्यात घालतं. अशा पाहुण्याचं ताट इतरांच्या आधी भरून द्या. प्रश्न मिटतो, आणि त्याला सगळ्यांसमोर चौकशा कराव्या लागत नाहीत.

अन्न बाहेर किती वेळ ठेवलेलं चालतं?

शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला 2 तास. बाहेर 32 अंश सेल्सियसच्या वर असेल तर 1 तास. साधारण 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे गरम पदार्थ 60 च्या वर आणि गार पदार्थ 5 च्या खाली, असा सरळ हिशोब आहे. 'वास तर येत नाहीये' हा पुरावा धरू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंमुळे वास किंवा चव बदलतेच असं नाही.

भाताबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो निरुपद्रवी वाटतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. भात कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे दुपारचा बाहेर राहिलेला भात रात्री फोडणी देऊन वाढणं हा उपाय नव्हे.

यावर माझी पद्धत साधी आहे. सगळं एकदम बाहेर आणायचंच नाही. लहान भांड्यात थोडं थोडं न्यायचं आणि संपलं की आतून दुसरं भरलेलं भांडं आणायचं. अर्ध्या रिकाम्या जुन्या भांड्यात नवीन ओतायचं नाही, नाहीतर तळाशी असलेलं दोन तासांपूर्वीचं अन्न तसंच राहतं. गार पदार्थाचं भांडं बर्फ पसरलेल्या परातीत ठेवा. गरम पदार्थाला झाकण हवंच, माश्यांसाठीही आणि उष्णतेसाठीही.

बर्फ किती लागतो?

तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट. एका उन्हाळ्यात मी वीस माणसांसाठी फ्रिजमधले चार ट्रे 'पुरतील' म्हणून ठेवले होते. पहिल्या वीस मिनिटांत ते संपले आणि पुढची संध्याकाळ मी कोमट सरबत हसतमुखाने वाटत होतो. आता उन्हाळ्यात माणशी 1 किलो आणि एरवी अर्धा किलो धरतो. यात पेल्यात घालायचा आणि बाटल्या गार करायचा, दोन्ही बर्फ आले. पण दोघांचे टब वेगळे, आणि पेल्यातल्या बर्फाला चिमटा. बाटल्या काढताना ज्या पाण्यात पंधरा हात बुडाले, तो बर्फ पेल्यात नको.

बाटल्या लवकर गार करायच्या तर नुसत्या बर्फात खुपसून उपयोग नाही, खड्यांमध्ये हवा राहते. टबात बर्फ आणि पाणी निम्मे निम्मे घ्या, म्हणजे बाटलीला सगळीकडून गारवा लागतो. वर मूठ-दोन मुठी मीठ टाका. मिठामुळे त्या पाण्याचं तापमान शून्याच्याही खाली उतरतं आणि 15-20 मिनिटांत बाटल्या हाताला बोचण्याइतक्या गार होतात. बाटल्या आधीच फ्रिजमध्ये गार केलेल्या असतील तर बर्फ कितीतरी वेळ टिकतो. 1 किलो बर्फ पूर्ण वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात साधारण 4 लिटर पाणी 20 अंशांनी गार होतं. गरम बाटल्या टाकल्या तर तो सगळा तिथेच खर्ची पडतो.

पेयांचं टेबल जेवणाच्या टेबलापासून लांब मांडा. दोन्ही शेजारी असली की एकच गर्दी होते आणि तहानलेला माणूसही जेवणाच्या रांगेत अडकतो. आणि साधं पाणी भरपूर ठेवा, सहज दिसेल असं. बाकी पेयांच्या नादात यजमान पाणीच विसरतात.

डासांचं काय करायचं?

पंखा लावा. खरंच, सगळ्यात कामाचं साधन तेच आहे. डास उडण्यात कच्चा असतो, त्याचा वेग ताशी 2 किलोमीटरच्या आसपास. साध्या पंख्याच्या झोतातही त्याला नीट उडता येत नाही. शिवाय आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागाने तो येतो आणि वाऱ्याने तो माग विखुरतो. पंखा टेबलाच्या पातळीवर न लावता थोडा खाली, पायांच्या दिशेने वळवा. टेबलाखालचे घोटे ही डासांची आवडती जागा.

सिट्रोनेलाच्या मेणबत्त्या सुगंधासाठी लावायच्या तर लावा, त्यांच्यावर विसंबू नका. निळ्या प्रकाशाची किडे मारणारी यंत्रं चटचट आवाज करतात आणि काम होतंय असं वाटतं, पण त्यात मरतात ते बहुतेक न चावणारे बिचारे किडे. अंगाला लावायचं औषध हवंच असेल तर डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं घ्या आणि ते दाराशीच ठेवा, म्हणजे कुणाला मागावं लागणार नाही.

खरं काम मात्र आठवडाभर आधीचं. साचलेल्या पाण्यातल्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला ऊबदार हवेत साधारण 7 ते 10 दिवस लागतात. कुंड्यांखालच्या बशा, उलटी न ठेवलेली बादली, ताडपत्रीच्या घडीत अडकलेलं पाणी, हे सगळं ओतून टाका.

बाहेर दिवे कसे लावावेत?

एक मोठा झगझगीत दिवा लावू नका, त्याच्या उजेडात सगळे चौकशीला बसल्यासारखे दिसतात. छोटे, पिवळसर, खाली लावलेले बरेच दिवे बरे. दिव्याच्या खोक्यावर उजेडाचा रंग केल्विनमध्ये दिलेला असतो, तिथे 2700 किंवा त्याहून कमी लिहिलेलं बघा. अशा उबदार रंगाकडे किडेही कमी येतात. किडे दिव्याभोवती घिरट्या का घालतात याचं एक सुरेख स्पष्टीकरण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे: उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची त्यांना सवय असते, कारण निसर्गात उजेड वरून, आकाशातून येतो. दिवा बाजूला असला की ते पाठ तिकडे वळवतात आणि गोल गोल फिरत अडकतात. म्हणून पांढरा भगभगीत दिवा लावायचाच तर जेवणाच्या टेबलापासून दूर, एखाद्या कोपऱ्यात लावा. गर्दी तिकडे जाते.

पायरी, उंचवटा आणि बाथरूमकडे जाणारी वाट, इथे मात्र उजेडात काटकसर नको.

वाऱ्याने सगळं उडतं, काय करू?

टेबलक्लॉथला चारी कोपऱ्यांना चिमटे, कागदी नॅपकिनच्या गठ्ठ्यावर गुळगुळीत दगड, मेणबत्त्या काचेच्या बरणीत. मंडप किंवा मोठी छत्री उभी करत असाल तर प्रत्येक पायाला वजन बांधाच. पाण्याने भरलेला 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो, आणि काम झालं की झाडांना पाणीही.

पाऊस आला तर?

पाऊस येईल की नाही हे ओळखत बसू नका. 'दुपारी 3 ला बघायचं, ढग असतील तर आत' अशी वेळ ठरवून टाका आणि मग फिरवू नका. खरा त्रास पावसाने होत नाही, साडेसातपर्यंत आकाशाकडे बघत बसण्याने होतो.

विजेच्या बाबतीत चर्चा नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पडू शकेल इतक्या जवळ ढग आहे, सगळ्यांनी आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं आतच थांबायचं. झाडाखाली किंवा मंडपात उभं राहणं म्हणजे आसरा नव्हे.

निखाऱ्यांवर भाजायचं आहे, काय सांभाळू?

शेगडी घराच्या भिंतीपासून, कुंपणापासून आणि लोंबत्या फांद्यांपासून निदान 3 मीटर दूर. कोळसा पेटला की लगेच जाळीवर काही ठेवू नका. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर राखाडी थर चढेपर्यंत 20-30 मिनिटं जातात, तेव्हा कुठे आच एकसारखी होते. आग धरत नाही म्हणून वरून रॉकेल किंवा पेट्रोल ओतणारा उत्साही पाहुणा प्रत्येक घोळक्यात असतो. त्याला कांदे कापायला बसवा.

निखारे एका बाजूला ढकला आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा. चरबी ठिबकून भडका उडाला की पदार्थ मोकळ्या बाजूला सरकवता येतो. भडक्यावर पाणी मारू नका, झाकण लावून हवा बंद करा. चिकन आतपर्यंत 74 अंश व्हायला हवं. वरून काळं झालं म्हणजे आत शिजलं असं नाही, टोचायचा थर्मामीटर घेऊन टाका. कच्चं मांस ज्या ताटलीत आणलं तिच्यात शिजलेलं परत ठेवायचं नाही.

आणि पाऊस आला म्हणून धगधगती शेगडी गॅरेजमध्ये, बंद गच्चीत किंवा तंबूत नेऊ नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणसाला कळायच्या आत तो बेशुद्ध पडतो.

संगीत किती मोठं लावावं?

दोन माणसं आवाज न चढवता बोलू शकतील इतकंच. बाहेर भिंती नसल्याने आवाज परत येत नाही, म्हणून आपण तो वाढवत जातो. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे स्पीकरच्या शेजारचा वैतागतो आणि टोकाला बसलेल्याला ऐकूच येत नाही. एका मोठ्या स्पीकरऐवजी दोन-तीन लहान, हळू आवाजात, बसलेल्यांच्या जवळ ठेवा. तोंड घराकडे, शेजाऱ्यांकडे नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि किती वाजता बंद करणार तेही सांगा. मग त्या वेळी बंद करा.

एक्स्टेंशन बोर्ड बाहेर वापरला तर चालेल का?

बाहेर वापरायला बनवलेला असेल तर. गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवून जास्त भार टाकला तर ती आतल्या आत तापते आणि वितळूही शकते. जोड जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवा. त्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच, म्हणजे वीज गळू लागली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, असायला हवा. आणि वायर येण्याजाण्याच्या वाटेवरून नेऊ नका, कुणीतरी अडखळतंच.

लहान मुलं आणि कुत्री असतील तर?

मुलांना आधी जेवू घाला. भुकेलं मूल आणि गप्पांत रमलेले आईबाप, हे गणित जमत नाही.

बर्फाचा तो टब आठवतोय ना? रात्री त्यात नुसतं पाणी उरतं. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं, म्हणून टब उंचावर ठेवा आणि काम झालं की लगेच ओता. पोहण्याचा तलाव असेल तर एका वेळी एका मोठ्या माणसावर नाव घेऊन जबाबदारी द्या आणि दर अर्ध्या तासाने माणूस बदला. 'सगळेच बघताहेत' म्हणजे कुणीच बघत नसतं.

कुत्र्यांना चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेले गोड पदार्थ विषारी असतात. पाहुण्यांना हे माहीत नसतं, लाडाने ते ताटातलं भरवतात. एकदा सगळ्यांना सांगून टाका.

'काही मदत करू का?' असं कुणी विचारलं तर?

हो म्हणा. 'नको नको, बसा तुम्ही' हे ऐकून नवखा पाहुणा आणखी अवघडतो, त्याला हातांचं काय करायचं कळत नसतं. पण काम नेमकं द्या: 'या बाटल्या त्या टबात ठेवता का?' दोन-तीन अशी कामं मी मुद्दाम शिल्लक ठेवतो. जो कुणालाच ओळखत नाही त्याला पेयांच्या टेबलापाशी उभं करावं. तासाभरात सगळे त्याला ओळखतात.

लोक वेळेआधी येतात, त्यांचं काय?

त्यांना बाटल्यांचं काम.

आणि उठतच नाहीत, त्यांचं?

संगीत बंद करा, एक-एक दिवा मोठा करा, पाणी विचारा. तरीही बसले तर ते तुमचे जवळचेच लोक आहेत, सरळ सांगा की झोप येतेय.

उरलेलं अन्न कसं ठेवायचं?

मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवू नका. मधला भाग गार व्हायला कित्येक तास घेतो. उथळ डब्यांत, 5 सेंटीमीटरच्या आसपास थर होईल असं काढा आणि 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. 3-4 दिवसांत संपवा, गरम करताना वाफा येईपर्यंत करा. टेबलावर 2 तासांहून जास्त राहिलेलं पाहुण्यांबरोबर डब्यात बांधून देऊ नका, कितीही उरलं असलं तरी.

भांडी रात्रीच घासायची का?

भिजत घाला, घासू नका. काचेचे पेले तेवढे आत आणून ठेवा, झोपेत असताना हातातून तेच निसटतात.

शेगडीतली राख कधी टाकायची?

त्या रात्री तर नाहीच. वरून पांढरी, थंड दिसणारी राख आतून 24 ते 48 तास धगधगत राहू शकते. घाईच असेल तर पाणी ओता, उलथन्याने हलवा, पुन्हा पाणी ओता, आणि धातूच्या झाकणाच्या डब्यात भरून डबा घरापासून लांब, फरशीवर ठेवा. प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकलेल्या राखेने पेटी कशी बसते ते मी एका सकाळी पाहिलंय: वरची अर्धी पेटी शाबूत होती, खालची अर्धी फरशीला चिकटलेली.